जमनाबाई गायकवाड : एका विधवेचे राजकारण



पलसाणा आज कापडाच्या प्रोसेसिंग मिलांसाठी ओळखले जाते. खानदेशातून पोटासाठी सुरतेला आलेल्या हजारो मराठी घरांना हे नाव कडोदऱ्याच्या जोडीने पाठ आहे. सुरतहून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत धुळ्याला जाणारा रस्ता इथूनच जातो. पण १९४९ साली बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत पलसाणा सुरतेचे नव्हतेच. ते बडोद्याच्या गायकवाडांचे होते. संस्थानाच्या नवसारी प्रांतात पलसाणा हा एक तालुका होता, आणि इंग्रजांची गावे व गायकवाडांची गावे एकमेकांत अशी मिसळलेली होती की एका शिवारातून दुसऱ्यात पाऊल टाकले की राज्य बदलत असे. इथला शेतसारा बडोद्याच्या खजिन्यात जमा होई. त्या बडोद्याच्या गादीवर कोणी बसायचे, हा प्रश्न १८७० ते १८७५ या पाच वर्षांत एका तरुण विधवेभोवती फिरत राहिला. तिचे नाव जमनाबाई.

सयाजीराव महाराजांचे नाव ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळा. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, गावोगावची वाचनालये, डॉ. आंबेडकरांना दिलेली शिष्यवृत्ती, हे सगळे शाळेतच कानांवर पडते. जमनाबाईंचा उल्लेख मात्र त्या गोष्टीत एका वाक्यापुरता येतो : खंडेराव महाराजांच्या पत्नीने कवळाण्याच्या मुलाला दत्तक घेतले. मग गोष्ट त्या मुलाबरोबर पुढे निघून जाते आणि बाई मागे राहते. हा अन्याय आहे. दत्तकाचा तो दिवस उगवावा म्हणून या बाईने साडेचार वर्षे जे सोसले आणि जे केले, त्याला राजकारण याशिवाय दुसरे नाव देता येत नाही.

जमनाबाई साताऱ्याकडच्या रहिमतपूरच्या माने घराण्यातल्या. १८६६ साली खंडेराव गायकवाडांशी त्यांचे लग्न झाले, तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. महाराजांचे हे पहिले लग्न नव्हते. खंडेराव शौकीन राजे होते. कुस्त्या, शिकारी, जवाहीर, मकरपुऱ्याचा राजवाडा, ‘स्टार ऑफ द साउथ’ नावाचा प्रसिद्ध हिरा, आणि लाखो मोती जडवलेला तो गालिचा, जो २००९ मध्ये दोहाच्या लिलावात विकला गेला, ही सगळी त्यांच्या कारकिर्दीची नवलाई. १८५७ च्या बंडात ते इंग्रजांच्या बाजूने ठाम उभे राहिले होते आणि त्याचे फळ म्हणून १८६२ मध्ये त्यांना दत्तकाची सनद मिळाली. त्यांचा धाकटा भाऊ मल्हारराव याच्यावर राजाला मारण्याच्या कटाचा आरोप होता. १८६३ पासून तो पाद्र्याला कैदेत होता.

२८ नोव्हेंबर १८७० रोजी खंडेराव वारले. मुलगा नव्हता. धाकटी राणी जमनाबाई सतरा वर्षांची होती आणि गरोदर होती.

पुढे काय झाले असेल याची कल्पना करताना मराठी माणसाला आपल्याच इतिहासातले एक वर्ष आठवते. ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी तिला पुरंदरावर नेऊन जपले आणि एप्रिल १७७४ मध्ये सवाई माधवराव जन्मले. गंगाबाईच्या पाठीशी नाना फडणीस होते, सखारामबापू होते, गडाचे दरवाजे होते. जमनाबाईंच्या पाठीशी बारभाई नव्हते. पाद्र्याच्या कैदेतून मल्हाररावाला सोडवून आणले गेले आणि इंग्रज सरकारने त्याला गादीवर बसवले ते एका अटीवर : राणीला मुलगा झाला तर गादी त्या मुलाची.

या अटीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. ज्याच्या हातात राज्य, खजिना, वाड्याचे पहारे आणि मुदपाकखाना, त्याचे राज्य टिकणे एका मुलीच्या पोटातल्या बाळावर अवलंबून राहिले. आपल्या भावाला मारण्याच्या आरोपावरून जो सात वर्षे तुरुंगात होता, तोच आता धनी. खंडेरावांच्या मर्जीतल्या माणसांवर एकेक करून हात पडू लागले होते. त्यांचे दिवाण भाऊ शिंदे कैदेत पडले आणि कैदेतच वारले. विष घातल्याची कुजबुज शहरभर होती. अशा वेळी सुतकात बसलेल्या, गोषातल्या, सतरा वर्षांच्या राणीने वाड्यातले अन्न-पाणी सोडून रेसिडेन्सीच्या आश्रयाला जायचे ठरवले. नवऱ्याच्या वाड्याचा उंबरठा ओलांडून परक्या सरकारच्या पहाऱ्यात बाळंतपणाची वाट पाहणे, हे त्या काळच्या मराठा सरदार घराण्यात काय मानले जात असेल ते सांगायला नको. पण बाईने जीव वाचवला. स्वतःचा आणि पोटातला, दोन्ही.

जुलै १८७१ मध्ये मुलगी झाली. तिचे नाव ताराबाई.

मल्हाररावाची गादी पक्की झाली. जमनाबाईंचे राजकीय आयुष्य इथेच संपले असते, आणि बहुतेक राण्यांचे संपतेच. पडद्याआडचे जगणे, मानमरातबाचा तुकडा, एखादे तीर्थाटन, एखादे देऊळ. जमनाबाई मुलीला घेऊन पुण्याला गेल्या. पुणे हा निवडलेला मुक्काम साधा नव्हता. मुंबई सरकारचे पावसाळ्यातले ठाणे तिथे होते, मराठी सरदारांचे वाडे तिथे होते, आणि बडोद्याच्या कारभाराच्या तक्रारी जिथे ऐकल्या जातील असे कान तिथे होते. गादीवरचा हक्क त्यांनी सोडला नाही. मुलगा झाला नाही, पण विधवेला दत्तक घेता येतो, ही गोष्ट त्या धरून बसल्या.

या हक्काची जागा शास्त्रात पक्की होती. नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ गुजरातेत आणि मुंबई इलाख्यात प्रमाण मानला जाई, आणि त्या परंपरेत नवऱ्याने जाताना परवानगी दिलेली नसली तरी विधवा दत्तक घेऊ शकते, असे इंग्रजी न्यायालयेही मानत आली. बंगालातल्या विधवेला ही मोकळीक नव्हती. म्हणजे शास्त्र बाईच्या बाजूने होते. तलवार कोणाच्या बाजूने होती, हा वेगळा प्रश्न. १८४८ मध्ये साताऱ्याचे शहाजीराजे मृत्युशय्येवर दत्तक घेऊन गेले, तो कंपनीने नाकारला आणि राज्य खालसा केले. १८५३ च्या नोव्हेंबरात झाशीच्या गंगाधररावांनी दामोदरराव दत्तक घेतला, तोही नाकारला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूरचे रघुजी भोसले वारले, राण्यांनी यशवंतराव दत्तक घेतला, त्याचीही तीच गत. नागपूरच्या वाड्यातले जडजवाहीर, हत्ती-घोडे लिलावात निघाले. सहा-सात वर्षांत तीन मराठी राज्ये दत्तकाच्या प्रश्नावर बुडाली. जमनाबाई जन्मल्या त्याच सुमाराची ही गोष्ट. रहिमतपूर साताऱ्यापासून फार लांब नाही. त्यांच्या माहेरच्या वाड्यात साताऱ्याचे राज्य कसे गेले याची चर्चा झाली नसेल, असे होणे नाही.

साताऱ्याची राणी, नागपूरच्या राण्या, झाशीची राणी, या साऱ्यांनी अर्ज केले, वकील पाठवले. झाशीच्या राणीने अखेर तलवार उपसली. जमनाबाईंच्या वेळी काळ बदलला होता. १८५७ नंतर संस्थाने खालसा करण्याचे धोरण सरकारने सोडले होते. पण धोरण सोडले म्हणजे एका विधवेचे म्हणणे कोणी आपणहून ऐकून घेईल, असे नव्हते. ते ऐकायला लावावे लागले.

मल्हाररावाने आपल्या पायावर धोंडा स्वतःच पाडून घेतला. सोन्याच्या तोफा ओतल्या, रयतेवर कर वाढवले, सावकारांना लुबाडले. १८७३ मध्ये कारभाराच्या चौकशीसाठी आयोग बसला. दादाभाई नौरोजी काही महिने दिवाण झाले, पण त्यांचा आणि रेसिडेंट कर्नल फेअर यांचा मेळ बसला नाही. मग ९ नोव्हेंबर १८७४ ला फेअर यांच्या सकाळच्या पपनसाच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड सापडली. मल्हाररावावर आरोप ठेवला गेला. चौकशीला तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद होते. हिंदींत ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. बचावासाठी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन आला. मते बरोबर अर्धी-अर्धी फुटली : इंग्रजांना आरोप सिद्ध वाटला, हिंदींना नाही. पुण्या-मुंबईत मल्हाररावाच्या बाजूने लोकमत खवळले होते. सरकारने विषाचा आरोप बाजूला ठेवून गैरकारभाराच्या नावावर त्याला एप्रिल १८७५ मध्ये पदच्युत केले आणि मद्रासेला पाठवून दिले.

पदच्युतीच्या जाहीरनाम्यात एक मजकूर आहे, त्याकडे लक्ष वेधायला हवे. खंडेरावांच्या विधवा जमनाबाई यांच्या विनंतीवरून त्यांना गायकवाड घराण्यातला एक मुलगा दत्तक घेऊ दिला जाईल, आणि तो मुलगा हिंदुस्थान सरकार पसंत करील तो असेल, असा त्याचा आशय. ‘जमनाबाईंच्या विनंतीवरून’ हे दोन शब्द जाहीरनाम्यात कसे आले? पुण्यात बसून बाई गप्प राहिल्या असत्या तर आले नसते. मल्हाररावाची राणी लक्ष्मीबाई हिला मुलगा होता, आणि शहरातल्या एका गटाला तोच गादीवर हवा होता. गायकवाडांच्या दुसऱ्या शाखांतले प्रौढ दावेदारही होते. त्यांतल्या कोणाला बसवले असते तरी सरकारचे भागले असते. बडोद्याच्या गादीला आपल्या नवऱ्याच्या नावाचा वारस मिळावा आणि तो आपल्या मांडीवर बसून मिळावा, ही मागणी एकट्या जमनाबाईंची होती. ती मान्य झाली. निवडीचा अखेरचा शब्द मात्र सरकारने आपल्या हातात ठेवला, हेही त्याच वाक्यात लिहिले आहे. विधवेची जीत आणि तिची हद्द एकाच ओळीत.

मेच्या सुरुवातीला त्या बडोद्यात परतल्या. बावीस वर्षांच्या, कडेवर चार वर्षांची मुलगी. घराण्याच्या शाखांचा शोध सुरू झाला. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे हे गाव. पिलाजीराव गायकवाडांचा मुलगा प्रतापराव याची शाखा तिथे शेती करून राहत होती. वंशावळी तपासल्या गेल्या, शाखा अस्सल ठरली, आणि तिथली तीन मुले बडोद्याला आणली गेली. ही मुले राजवाड्यातली नव्हती. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. खानदेश-बागलाणच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या अंगणात वाढलेली, गुरांमागे फिरलेली पोरे. एक गोष्ट घरोघरी सांगितली जाते : मुलांना विचारले, तुम्ही इथे कशाला आलात? बाकीचे काहीबाही बोलले, गोपाळ म्हणाला, राज्य करायला. ही गोष्ट कितपत जशीच्या तशी घडली ते बाजूला ठेवले तरी तिच्यात एक खरी बाजू आहे. मुलाचे उत्तर सगळ्यांना पाठ आहे, पण ते उत्तर ऐकून निवड करणाऱ्या बाईचे डोळे कोणी लक्षात ठेवले नाहीत. जवळच्या शाखेतला, आपापले हितसंबंध घेऊन येणारा मोठा माणूस नको, शिकवता येईल असा बारा वर्षांचा मुलगा हवा, हा विचार राज्यकर्त्याचा विचार आहे. २७ मे १८७५ ला दत्तविधान झाले आणि गोपाळचे सयाजीराव झाले.

इथे जरा मागे जायला हवे, कारण गायकवाडांच्या मुळाशीही एक विधवाच आहे, आणि तिच्या पायवाटेवरून पलसाण्यातली माणसे आजही चालतात.

चैत्रात या भागातून खानदेशी माणसे वणीच्या सप्तशृंगी गडावर जातात. गडाच्या जुन्या पायऱ्या उमाबाई दाभाडे यांनी १७१० च्या सुमारास बांधून घेतल्या. उमाबाई अभोण्याच्या ठोके देशमुखांच्या कन्या, म्हणजे गडाच्या पायथ्याच्याच मुलखातल्या, आणि सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी. छत्रपती शाहूंनी गुजरातच्या वसुलीचा हक्क दाभाड्यांना दिला आणि दाभाड्यांच्या हाताखाली पिलाजी गायकवाड याने सोनगडचा किल्ला घेऊन या सुरत अठ्ठाविशीत, म्हणजे सुरतेभोवतीच्या परगण्यांत, पाय रोवले. पलसाण्याहून पूर्वेला निघाले की वाटेत लागते तेच सोनगड. १७२९ मध्ये खंडेराव वारले. १७३१ च्या एप्रिलमध्ये डभईजवळ बाजीराव पेशव्याशी झालेल्या लढाईत उमाबाईंचा थोरला मुलगा त्र्यंबकराव मारला गेला. दोन वर्षांत नवरा गेला, मुलगा गेला. शाहू महाराज तळेगावला येऊन समजूत घालून गेले, धाकट्या यशवंतरावाला सेनापतिपद मिळाले, पण तो लहान होता. कारभार उमाबाईंनी उचलला. १७३२ मध्ये डाकोरला पिलाजीचा दग्याने खून झाला, तेव्हा त्या स्वतः फौज घेऊन अहमदाबादेवर चालून गेल्या आणि सुभेदार अभयसिंहाला चौथ-सरदेशमुखी कबूल करायला लावली.

त्यांचा शेवट कडू आहे. १७५० नंतर ताराराणींच्या बाजूने पेशव्याविरुद्ध उभ्या राहिल्या. पिलाजीचा मुलगा दमाजी गायकवाड त्यांच्यासाठी साताऱ्यापर्यंत लढत आला, हरला, कैद झाला. दाभाड्यांची माणसे लोहगडावर, उमाबाई पुण्यात नजरकैदेत. १७५३ च्या नोव्हेंबरात त्या पुण्यात वारल्या. तळेगाव दाभाडे येथे त्यांची समाधी आहे. दमाजीने पेशव्याशी करार करून अर्धा गुजरात वाटून घेतला आणि सुटका करून घेतली. दाभाड्यांचे सेनापतिपद नावापुरते उरले. गायकवाडांचे राज्य उभे राहिले ते एका विधवेच्या पराभवातून, आणि सव्वाशे वर्षांनी ते टिकले दुसऱ्या विधवेच्या हट्टातून. बडोद्याच्या इतिहासात या दोघींना एकत्र मांडून पाहिले पाहिजे. उमाबाईंजवळ फौज होती, सरंजाम होता, हत्तीवर बसून जाण्याची मुभा होती. जमनाबाईंजवळ यातले काहीच नव्हते. इंग्रजी अंमलात मराठा विधवेच्या हातात उरले होते ते फक्त कागद, वकील आणि दत्तकाचा मंत्र.

दत्तविधानानंतर जमनाबाईंना राजमातेचा मान मिळाला. सत्ता मिळाली नाही. कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्याकडे गेला, वर सरकारचा एजंट. वाड्याची व्यवस्था, मुलाचे संस्कार, सण, सोयरिकी, हे बाईंकडे. पण मुलाला घडवणे हे तेव्हा राज्य घडवणेच होते. सकाळी तालीम, मग शिक्षक इलियट साहेबांकडे धडे, मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा एकदम. बाराव्या वर्षी मुळाक्षरे गिरवणाऱ्या मुलाला हे ओझे पेलले, ते वाड्यातल्या माणसांनी त्याला धीर दिला म्हणूनही. १८८० मध्ये तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचे लग्न झाले. डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले. इंग्रज सरकारने १८७८ मध्ये जमनाबाईंना ‘क्राउन ऑफ इंडिया’ हा किताब दिला होता. लेक ताराबाई सावंतवाडीच्या भोसल्यांकडे दिली. ज्या मुलीच्या जन्माने बडोद्याची गादी गेली होती, ती एका मराठी राज्याची राणी झाली.

१८९८ मध्ये जमनाबाई वारल्या. पंचेचाळीस वर्षांचे आयुष्य, त्यातली अठ्ठावीस वर्षे वैधव्याची. बडोद्याच्या मांडवी भागातले जमनाबाई रुग्णालय त्यांचे नाव अजून चालवते. त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, सयाजीरावांच्या सरकारने आपल्या संस्थानात विधवाविवाहाचा आणि मग बालविवाहबंदीचा कायदा केला. तेराव्या वर्षी लग्न आणि सतराव्या वर्षी वैधव्य आलेल्या आईच्या मांडीवर बसून ज्याने गादी मिळवली, त्याच्या हातून हे कायदे झाले, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. सयाजीरावांच्या दुसऱ्या पत्नी चिमणाबाईंनी पडदा सोडला, आणि १९२७ मध्ये पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले. सासू गोषात राहून दरबाराशी झगडली, सून व्यासपीठावर आली. मधे पन्नासएक वर्षे.

लोकशाहीत गादी नाही, दत्तक नाही. तरी राजकीय घराण्यातल्या विधवेची कोंडी पुरती सुटलेली नाही. सिंहलद्वीपात १९५९ मध्ये पंतप्रधान बंडारनायके यांचा खून झाला आणि पुढच्या जुलैत त्यांच्या विधवा सिरिमाओ पंतप्रधान झाल्या, जगातल्या पहिल्या स्त्री पंतप्रधान. आपल्याकडे कराडचे खासदार दाजीसाहेब चव्हाण १९७३ मध्ये वारले आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी प्रेमलाकाकी निवडून आल्या. लोकांना वाटले, नवऱ्याची जागा भरली. पण प्रेमलाकाकी पुढे पुन्हा पुन्हा निवडून आल्या, राज्यसभेत गेल्या, प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. सहानुभूती एक निवडणूक जिंकून देते, चार नाही. आणि तरीही आज त्यांची ओळख करून देताना ‘पृथ्वीराज चव्हाणांच्या मातोश्री’ असेच बहुतेक वेळा म्हटले जाते. जमनाबाईंना ‘सयाजीरावांच्या मातोश्री’ म्हणतात तसेच.

बडोद्यात गायकवाडांचे राज्य दफ्तर आहे. त्यातला मोठा भाग मोडीत आहे, बाकी गुजराती आणि इंग्रजीत. मराठी घरी बोलणारी आणि गुजराती शाळेत शिकलेली मुले सुरत-पलसाण्यात पुष्कळ आहेत. मोडी काही महिन्यांत शिकता येते आणि सुरतेहून बडोदा रेल्वेने दोन-अडीच तासांवर आहे. इतिहासात एम. ए. करणाऱ्या, किंवा नोकरी सांभाळून वाचनाची आवड असणाऱ्या इथल्या तरुण-तरुणींपैकी कोणी तरी १८७० ते १८७५ ही पाच वर्षे जमनाबाईंच्या बाजूने वाचायला घ्यावीत, त्यांचे अर्ज, त्यांचे वकील, त्यांचा पुण्यातला मुक्काम यांचा माग काढावा आणि मराठीत लिहावे, एवढीच या व्यासपीठावरून विनंती आहे.